माळा उतरवताना : घर आणि चर्चची स्टोअर खोली, मार्च ते जून २०२५

५ मार्च, बुधवार

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस. संध्याकाळची भक्ती आटोपून घरी आलो तर ह्यांनी कपाटातून कोरी वही काढून हातात दिली. "दोन कामं एकदम अंगावर घेतलीस, निदान लिहून तरी ठेव." तर ही ती वही.

पहिलं काम आमचं घर. सांगलीत नदीच्या बाजूला, खाली चार खोल्या आणि वर माळा. २००५ ला पाणी घरात, २०१९ ला पाणी छातीएवढं, २०२१ ला उंबऱ्यापर्यंत येऊन मागे फिरलं. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. दर पावसाळ्यात फ्रिज टेबलावर, गाद्या माळ्यावर आणि आम्ही नणंदेकडे. ह्यांचे गुडघे आणि माझी कंबर आता पुढच्या वेळेला तयार नाहीत. घर विकलं. विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतलाय. ३१ मेला चावी द्यायची.

दुसरं काम चर्चची स्टोअर खोली. पुरानंतर जे आत कोंबलं ते तसंच आहे. संडे स्कूलला वर्ग भरवायला जागा नाही, मुलं व्हरांड्यात बसतात. पंच कमिटीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. रिटायर नर्स, महिला मंडळाची खजिनदार, म्हणजे रिकामीच.

मनातला हिशोब साधा आहे. घरातलं नको ते चर्चला. मोठं टेबल फेलोशिपला, गाद्या कन्व्हेन्शनला, पातेली प्रीतिभोजनाला. घरही रिकामं, पुण्यही पदरात. (पुण्य म्हणू नये. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, ऐकतील.)

८ मार्च, शनिवार

माळ्याची पहिली फेरी. खाली आलं ते असं: तीन पत्र्याच्या ट्रंका, पाळणा, ह्यांचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर आणि खोकंभर कॅसेटी, लग्नातले पितळी डबे, एका पायाने लंगडी शिवणमशीन, गाठोड्यात बांधलेली गाठोडी.

काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात माझं माहेरचं नाव आहे. ही घेऊन मी मिरजेला नर्सिंगला गेले, वॉनलेस साहेबांनी १८९४ साली सुरू केलेल्या त्याच हॉस्पिटलात. आत दोन गणवेश, टोपीचे काटे आणि आईने दिलेली टॉवेलची जोडी, अजून घडी न मोडलेली. आईने 'चांगले आहेत, जपून वापर' म्हटलं होतं. इतके जपले की वापरलेच नाहीत. आज एक बाथरूममध्ये टांगला. पाणी शोषत नाही मेला, इतक्या वर्षांत कापूसच विसरलाय.

दुपारी बोहारीण आली. सहा साड्या आणि ह्यांच्या चार पँटींवर एक स्टीलचं घमेलं. देवाण झाली, पण घेवाणही झाली. घर रिकामं करायला बसले होते आणि घरात घमेलं वाढलं. हे म्हणाले, "याच वेगाने गेलीस तर मेपर्यंत दुसरा मजला चढवावा लागेल."

१५ मार्च, शनिवार

स्टोअर उघडली. किल्ली कोणाकडेच नव्हती, शेवटी तरुण संघाच्या पोरांनी कुलूप कापलं.

आधी वास आला, मग खोली दिसली. भिंतीवर पुराच्या चिखलाची रेघ अजून आहे, माझ्या खांद्याच्या वर. तिच्याखाली चुना फुगलेला, वर नाताळचे तारे टांगलेले. आत: अकरा सीलिंग फॅन, त्यातले दोन चालू. चार लोखंडी कपाटं, तीन कायमची बंद. एक भोंगा, एक पेट्रोमॅक्स बत्ती. थर्माकोलचं बेथलेहेम, उंदरांनी कुरतडलेलं. कन्व्हेन्शनच्या गाद्या, त्या मोजल्या नाहीत, हात लावायची इच्छा झाली नाही. प्रभुभोजनाच्या छोट्या ग्लासांचे ट्रे, ग्लास नाहीत. पाच भिंतीवरची घड्याळं, पाच वेगवेगळ्या वेळा.

आणि जिकडे बघावं तिकडे नाव. फॅनच्या पात्यावर, कपाटाच्या दारावर, घड्याळाच्या काचेवर, पातेल्याच्या बुडाला सुद्धा: 'ख्रिस्तवासी अमुक यांच्या स्मरणार्थ अर्पण.' ही खोली स्टोअर कसली, दुसरी दफनभूमीच आहे. बिघडलेला पंखा भंगारात देता येतो. बिघडलेले कोणाचे आजोबा कसे देणार?

मला माझाच ५ तारखेचा हिशोब आठवला. या खोलीतल्या निम्म्या वस्तू अशाच आल्या असणार. नवीन कपाट घेतलं, जुनं चर्चला. मुलाच्या लग्नात नव्या गाद्या, जुन्या चर्चला. देवाला दिलं म्हणून देणारा मोकळा झाला आणि देवाने ते खोलीत ठेवून कुलूप लावलं.

कोपऱ्यात मांडवाच्या कापडाखाली पप्पांची पायपेटी आहे, पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन. नंतर बघू.

१६ मार्च, रविवार

भक्तीनंतर कमिटी. पाच मिनिटांचा विषय, दीड तास चालला. ठराव असा: नाव असलेली वस्तू कुटुंबाला विचारल्याशिवाय हलवायची नाही. फोन कोणी करायचे? मी.

पाळकसाहेबांनी उपदेशात रेव्हरंड टिळकांचं उदाहरण घेतलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, भगवी वस्त्रं घेतली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. ऐकायला छान वाटतं. माझ्या शेजारी बसलेल्या आजी मात्र पुटपुटल्या, "ते सोडून मोकळे व्हायचे, चूल लक्ष्मीबाईच पेटवायच्या." मला हसू आवरेना. पण खरं आहे. घरातलं सोडण्याचा निर्णय एकाचा असतो आणि आवरायचं दुसऱ्याला लागतं. आमच्याकडेही ह्यांनी "सगळं देऊन टाक" एवढंच सांगितलंय आणि स्वतः पेपर वाचतायत.

२२ मार्च, शनिवार

फोनचा आठवडा. एकवीस कुटुंबं काढली, सतरा लागली.

मला वाटलं होतं रडारड होईल, भांडणं होतील. झालं भलतंच. मुंबईतल्या एका घराने विचारलं, "कुठलं कपाट?" वडिलांच्या नावाचं कपाट आहे हे मुलाला माहीतच नव्हतं. मी सांगितल्यावर मात्र गप्प झाला, मग म्हणाला, "टाकू नका हं आंटी." म्हणजे दहा मिनिटांपूर्वी जे त्याच्या लेखी जगात नव्हतं ते आता टाकायचं नाही. एकीने पंख्याच्या पात्याचा फोटो मागितला, नावाच्या बाजूने. एका काकांनी साफ सांगितलं, "अगं, आमच्या बाबांना पंख्याचा वारा सोसत नव्हता. दे भंगारात." त्यांना देव शंभर वर्षं देवो.

बहुतेकांना वस्तू नको आहे, नाव पुसलं जाऊ नये एवढंच आहे. रात्री हे म्हणाले, "मग नावं वहीत उतरवून घे." एका ओळीत सुचवलं आणि पुन्हा पेपर. पण मार्ग चांगला आहे. एक जाड, शिवलेली वही करायची: कोणाच्या स्मरणार्थ, कोणी दिलं, काय दिलं, किती वर्षं चाललं. वही चर्चच्या कपाटात, रजिस्टरांशेजारी. वर्षातून एकदा सर्व संतांच्या दिवशी नावं वाचायची. पंखा भंगारात.

परत सतरा फोन. पंधरांनी होकार दिला. एकांना विचार करायचाय. मुंबईवाला कपाट न्यायला टेंपो पाठवणार आहे म्हणे, बघू.

३० मार्च, रविवार

पाडवा. शेजारच्या वहिनींनी श्रीखंड दिलं आणि विचारलं, "खरंच चाललात का हो?" तेहतीस वर्षं आमच्या नाताळचा केक त्यांच्याकडे आणि त्यांचं श्रीखंड आमच्याकडे. हे कुठल्या खोक्यात भरायचं कळत नाही.

दुपारी स्टोअरमधलं तळाचं कपाट उघडलं, आणि इथे मात्र माझा हात थरथरला. बाप्तिस्म्याची, लग्नांची आणि दफनांची जुनी रजिस्टरं. चालू रजिस्टरं पाळकसाहेबांकडे असतात, ही त्याआधीची. त्यातली दोन रजिस्टरं पुराच्या पाण्यात भिजून वाळलेली, पानं पापडासारखी. टाकाटाकीच्या भरात ही गेली असती तर? लग्नाचं रजिस्टर म्हणजे नुसती आठवण नव्हे, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ते ठेवावंच लागतं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी अजून लोक येतात, जन्मतारखेचा दुसरा पुरावा नसतो म्हणून.

पानं जबरदस्तीने सोडवायची नाहीत, हे पोरांना तीनदा सांगितलं. पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने सरकवत न्यायची, सुटेल तेवढंच सोडवायचं, मध्ये टीपकागद ठेवायचा, उन्हात नाही, पंख्याखाली. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो. शाई जिथे निळी होती तिथे वाहून गेलीय, काळी टिकलीय. एका पानावर माझ्या आजीचं लग्न सापडलं. नावासमोर अंगठा. शाई जास्त लागली असावी, अंगठ्याच्या रेषा भरून गेल्यात आणि कडेला घाईघाईत पुसल्याचा फराटा आहे. आजीची एवढीच एक खूण कागदावर आहे, आणि ती मी कधी पाहिली नव्हती. आमच्या माळ्यावर आजीच्या म्हणून जपलेल्या नऊ वस्तू आहेत.

पायपेटी: नंतर.

६ एप्रिल, रविवार

जुन्या बायबलांचा प्रश्न. पुरात भिजलेली, पाठ सुटलेली, मधूनच गायब झालेली बायबलं आणि उपासना संगीताची पुस्तकं, दोन पोती भरून. सहा वर्षं कोणी हात लावला नाही. रद्दीत द्यायची? रद्दीवाला पानं भेळवाल्याला विकणार. जाळायची? पोरांपैकी एक म्हणाला, "जाळतानाचा कोणी व्हिडिओ काढला तर?" तेही खरं.

पाळकसाहेब म्हणाले, कागद तो कागद, वचन कागदात अडकलेलं नाही, आपल्यात असा नियम कुठेच नाही. बरोबरच आहे. पण मग त्यांनीच तरी पोती सहा वर्षं का ठेवली होती? विचारलं नाही. शेवटी ठरलं की पुरायची.

काल सकाळी दफनभूमीच्या भिंतीकडेला, कबर खणणाऱ्या मामांनी कंबरभर खड्डा खणला. पोतं उलटं करताना एका बायबलातून वाळलेलं पिंपळाचं पान पडलं, नुसती जाळी उरलेली. दुसऱ्यात विजेचं बिल. मामांनी विचारलं, "कोण म्हणायचं?" म्हणजे खड्ड्यावर कोणाचं नाव लिहायचं. सवयीने विचारलं बिचाऱ्यांनी. प्रार्थना केली नाही, नुसते थोडा वेळ उभे राहिलो.

पप्पांचे 'ज्ञानोदय'चे बांधलेले अंक मात्र सुके आहेत, माळ्यावर होते म्हणून वाचले. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेलं मासिक. पप्पांकडे अर्थात फार नंतरचे. वाचनालयाला द्यावेत असा विचार आहे. पण २०१९ ला सांगली जिल्हा नगर वाचनालयाचीसुद्धा पुस्तकं पुरात भिजली होती. वरच्या मजल्यावर ठेवाल का, असं विचारणं उद्धटपणाचं होईल? विचारणार आहे.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार

आज काम नाही. तीन तासांची भक्ती, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार. सैनिकांनी त्याचे कपडे वाटून घेतले आणि बिनशिवणीच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या, तिथे मी अडकले. त्याच्या मागे निघालेली मालमत्ता म्हणजे तो एक अंगरखा. तोही चांगला होता म्हणून फाडला नाही. पुढचं बरंचसं ऐकलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

ईस्टरनंतरच्या शनिवारी चर्चच्या आवारात विक्री. स्टोअरमधलं ठीकठाक सामान आणि मंडळीच्या घरांतलं जादा. नियम मी घातला: फाटकं, फुटकं, एकटं चप्पल चालणार नाही. जे तुम्ही पाहुण्याला द्याल तेच आणा.

हा नियम २०१९ ने शिकवला. पूर ओसरला तसे गावोगावहून कपड्यांचे ढीग आले. लोकांची दानत मोठी होती, त्याबद्दल वाद नाही. पण मी स्वतः त्या ढिगातून काढलेल्या वस्तू सांगते: जरीचा ब्लाउज, बटणं नसलेले शर्ट, एक हिल्सची सँडल, डावी. आम्ही चिखल उपसत होतो, पायात गमबूट हवे होते, आतले कपडे हवे होते, फिनेल हवं होतं. तो ढीग शेवटी आम्हालाच उचलून टाकावा लागला, चिखलाच्या वर आणखी एक काम. तेव्हा राग आला होता. पण ५ मार्चला मी वहीत काय लिहिलंय ते वर आहेच.

विक्री चांगली झाली. हंगामाच्या सणाला कोंबड्या-भोपळ्यांचा लिलाव पुकारणारे आमचे काका आज पातेली पुकारत होते, "तीनशे एक, तीनशे दोन, प्रीतिभोजनाचं पातेलं, यात शिजलेलं करपत नाही!" करपतं, मला माहीत आहे. पैसे संडे स्कूलच्या खोलीला चुना आणि फरशीसाठी. आमचं मोठं टेबल एका तरुण जोडप्याने नेलं. ते टेबल आजोबांनी मिशनरी साहेब मायदेशी परतताना त्यांच्या बंगल्यावरच्या लिलावात घेतलं होतं. साहेबांनी सोडलं, आजोबांनी धरलं, मी सोडलं.

आता कपांचं. माझ्याकडे बारा कपांचा सेट होता, पांढरा, कडेला निळी रेघ, धाकट्या बहिणीने पहिल्या पगारातून दिलेला. पूर आला तेव्हा मी सर्टिफिकिटांच्या आधी हे कप माळ्यावर चढवले होते. नव्या घरात बारा कप ठेवायला जागाच नाही. सगळ्यांना सांगितलं, सेट देऊन टाकला. दिले सहा. सहा ठेवले.

प्रेषितांच्या कृत्यांतली हनन्या आणि सप्पीरा आठवली. शेत विकलं, थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे आणलेत असं दाखवलं. पेत्र त्यांना म्हणतो, शेत तुझंच होतं, विकल्यावरही पैसे तुझेच होते. ठेवलेत याबद्दल तक्रार नव्हती. खोटं बोललात याबद्दल होती. नवरा पडला, तीन तासांनी बायको. मी दुपारी चार वाजेपर्यंत घड्याळ बघत होते.

विकलेले सहा कप आमच्या वॉर्डातल्या आजींनी घेतले, ऐंशी रुपयांना.

२८ एप्रिल, सोमवार

स्टोअर रिकामी. म्हणजे जवळजवळ. कोपऱ्यात मांडवाचं कापड.

सेक्रेटरींना म्हटलं, एवढं झालं, ही पेटी राहिली बघा. ते म्हणाले, "ताई, तिच्याबद्दल तुमच्याशी कोण बोलणार? आम्ही सहा वर्षं थांबलोय."

सहा वर्षं. एकवीस घरांना फोन करून मी मोठ्या समजूतदारपणे सांगत होते, वस्तू म्हणजे माणूस नव्हे. बाविसावं घर माझं होतं आणि तो फोन करायचं धैर्य कमिटीत कोणाला झालं नाही.

पप्पांनी एकतीस वर्षं चर्चमध्ये ही पेटी वाजवली. तेव्हा ती आमच्या मालकीची. १९९८ साली ते गेले, तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी पितळी पाटी लावून ती चर्चला दिली. दहाएक वर्षांत कीबोर्ड आला, पेटी भिंतीला सरकली. पुरात निम्मी बुडाली.

रात्री भावाला फोन केला. तो म्हणाला, "मला वाटलं तुलाच ठेवायची होती." बहिणीला केला. तीही तेच म्हणाली.

३ मे, शनिवार

पेटी छोट्या हत्तीत घालून मिरजेला, सतारमेकर गल्लीत नेली. दारांवर भोपळे टांगलेले, आत तंबोरे अर्धवट घडलेले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला गेल्या वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे गल्लीत जरा ऐट आहे. ज्यांच्याकडे गेलो ते कारागीर हार्मोनियम आणि ऑर्गनही बघतात.

त्यांनी पाठीमागची फळी काढली. आत वाळलेला पुराचा चिखल, भेगा पडलेला, तळ्यासारखा. भात्याचं कापड हात लावताच तुकडे. लाकडाचे थर सुटलेले. ते म्हणाले, "बाई, डबा गेला. सुरांचं बघू." एका आकड्याने त्यांनी खाचेतून एक पितळी पट्टी ओढून काढली, बोटाएवढी. ब्रशने झटकली, ओठांशी धरली आणि फुंकली नाही, हवा आत ओढली. या पेट्यांचं तसंच असतं म्हणे. पायाने भाता मारला की हवा आत खेचली जाते, हार्मोनियमसारखी बाहेर ढकलली जात नाही, म्हणून आवाज मऊ येतो. पट्टी बोलली. खर्जातला एक सूर, किंचित थरथरता.

मला पप्पांचे पाय दिसले. चपला काढून, मोजे घालून भाता मारायचे, एक मोजा अंगठ्याशी रफू केलेला. चेहरा नाही दिसला, पाय दिसले. लहानपणी मी पहिल्या बाकावर बसायचे, माझ्या डोळ्यांसमोर पायच असायचे.

बोटांनी दाबायच्या एकसष्ट पट्ट्यांची पेटी. दोन ओळींतले बरेच सूर चांगले निघतील असं त्यांचं मत. संगीत नाटकवाल्यांच्या जुन्या ऑर्गनना असे सूर लागतात, नवे मिळत नाहीत. सांगलीत नाटकाची वाण कधी नव्हती. त्यांनी पंधराशे रुपये देऊ केले.

मी पर्समधून पावतीपुस्तक काढलं आणि अडखळले. नाव कोणाचं घालायचं? पप्पांची पेटी म्हणून मी दोन महिने तिला चुकवत होते, पण पावती चर्चच्या नावानेच फाडावी लागली. १९९८ पासून ती आमची नव्हतीच. आम्ही ती दिली होती. निदान तेव्हा तसं म्हटलं होतं.

पाटीचे चार स्क्रू. तीन निघाले, चौथ्याचा खाचा घासला गेलेला. कारागिरांनी छिन्नीने पाटी उचकटली, कोपरा वाकला. वहीत पप्पांची ओळ लिहिली: पायपेटी, तिघा मुलांकडून, दिल्यापासून दहा वर्षं वाजली, पुढे उभी होती. पाटीचं काय करायचं हे वहीच्या नियमात नाही. माझ्या पर्समध्ये आहे.

२४ मे, शनिवार

शिफ्टिंग. मे महिन्यात असा पाऊस आयुष्यात पाहिला नाही. चार दिवस धो धो. पावसाआधी निघायचं म्हणून मे ठरवला होता, तर पाऊसच आमच्याआधी हजर. हमालांनी कपाट प्लास्टिकात गुंडाळून नेलं.

माळ्यावरून शेवटचं खोकं ह्यांनी खाली घेतलं. वर माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचं'. आत २००५ च्या पुरानंतर जपलेल्या पंचनाम्याच्या झेरॉक्स, तीन रिमोट आणि एक किल्ली. कसली किल्ली, आठवेना. मग आठवलं. चर्चच्या स्टोअरची.

आजीच्या नऊ वस्तूंपैकी दोन आल्या, सुपारीचा अडकित्ता आणि पाटा. पाटा तिसऱ्या मजल्यावर कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. लिफ्टने आला, तुमच्या खांद्यावर नाही.

१२ जून, गुरुवार

नव्या घरात पहिली कॉटेज मीटिंग. आठ-दहा येतील वाटलं होतं, चौदा आले. हॉल भरला, चौघं बेडरूमच्या दारात. एका पोराला बाल्कनीतून नदी दिसते का बघायचं होतं. दिसत नाही. मी मात्र अजून रोज सकाळी मोबाईलवर पुलाची पातळी बघते. सवय.

शास्त्रपाठ झाला, प्रार्थना झाली, चहा झाला. कप सहा. स्टीलचे पेले तीन. बाकीच्यांना काय, वाट्या? मी ओट्याशी उभी राहून हिशोब करत होते, तेवढ्यात वॉर्डातल्या आजी पिशवी घेऊन आत आल्या. "नवीन घर, भांडी लावायची राहिली असतील म्हणून घेऊन आले." वर्तमानपत्र सोडलं. पांढरे, कडेला निळी रेघ.

मग त्यांनी ओट्यावर पाहिलं. सहा मांडलेले होते, चहा ओतायचा बाकी.

आजींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "सप्पीरे!" एवढंच म्हणाल्या आणि त्यांना असा खोकल्याचा ठसका लागला की मला पाणी द्यावं लागलं. बाहेरून हे विचारतायत, काय झालं, काय झालं.

बारा कप ट्रेमध्ये दोन ओळींत बसले. चहा थोडा कमी पडला. सगळे गेल्यावर आजींचे सहा कप धुतले, पुसले, त्याच वर्तमानपत्रात बांधून दिले. लिफ्टपर्यंत पिशवी मीच नेली.